सात नंबर कुणाकडं जाणार?

पिठाच्या गिरणीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पीठ जसं आपोआप उडतं आणि आढ्यावर, मीटरवर, माझ्या भुवयांवर जाऊन बसतं, तसेच किस्सेही. आज झाडा, उद्या पुन्हा तितकेच. त्यात आमच्याकडं लाइटची कृपा! लाइट गेली की चक्की बंद पडते आणि डबे घेऊन बसलेल्यांची तोंडं सुरू होतात.

गिरणीवर बायाबापड्या सासू-सुनांचं बोलत असतील, असं तुम्हाला वाटत असेल. दुसरीकडं बोलत असतील. माझ्या गिरणीवर विषय एकच, कबड्डी! आणि त्यातही खेळ कमी, बाकीचंच जास्त. कोण कुठल्या संघात जाणार, कोण कुणाला सोडणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार. सामने होतात दीड-दोन महिने. ही चर्चा बारा महिने.

मी गिरणीवाली गयाबाई. सगळे आक्का म्हणतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही. डब्यांवरची नावं बघत बघत अक्षरं शिकले, मग रद्दीतले पेपर वाचायला लागले, आणि त्यात खेळाचं पान सगळ्यात खरं वाटलं. माहेरी भावांबरोबर ढेकळांत हुतुतू खेळलेली बाई आहे मी. माझी घोटापकड सुटत नव्हती. आजही सुटणार नाही. ज्याला शंका असेल त्यानं यावं!

आमच्या भागात दहा संघांची लीग आहे. आमच्या संघाचा जीव म्हणजे उत्तम. सात नंबरचा रेडर. अंगानं काटकुळा, पण चढाईला गेला की समोरच्याला पाय कधी लागला ते पंचानं शिट्टी वाजवल्यावरच कळतं. राहतो गावाबाहेरच्या तांड्यावर, खेळतो पोरवयापासून आमच्या गावाकडून. मला 'याडी' म्हणतो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आता असा गडी दुसऱ्या कुणी न्यावा, हे कुणाला सहन होईल? आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो नेतच असतो. निदान माझ्या गिरणीवर तरी!

* * *

आमचे मुख्य बातमीदार बापूराव. ग्रामसेवक होते, रिटायर झाले. डब्यात ओंजळभर गहू आणतात आणि दुपारभर बसतात. यांचं प्रत्येक वाक्य "आतली बातमी हाय," इथून सुरू होतं. कशाच्या आतली, ते आजवर कळलं नाही.

एका श्रावणात फोन उंच धरून धापा टाकत आले. "आक्का, बंद करा चक्की! संपलं सगळं! उत्तम औंढ्याला गेला!"

मी पट्टा उतरवला. फोनमध्ये फोटो. औंढ्याच्या संघाचा कॅप्टन आणि आमचा उत्तम समोरासमोर उभे. हातात हात. दोघंही हसून राहिले!

"याला म्हणतात ट्रान्सफर," बापूराव म्हणाले. "हात मिळवला की झालं. फोटो काढून ठेवतात, उद्या मागं फिरू नये म्हणून."

अर्धं गाव गिरणीपुढं. कुणी म्हणे औंढ्यात त्याला दुकान काढून देणार, कुणी म्हणे कॅप्टनच करणार. संध्याकाळी उत्तम ज्वारीचा डबा घेऊन आला. मी त्याला आत येऊ दिलं नाही. उंबऱ्यावरच विचारलं, "औंढ्याला काहून गेला होतास?"

"सोमवार होता याडी. नागनाथाच्या दर्शनाला."

"मग त्या कॅप्टनच्या हातात हात कशाला?"

"त्याचं बेलफुलाचं दुकान हाय मंदिरापाशी. बेल घेतला त्याच्याकडून."

मी बापूरावांकडं पाहिलं. माणूस खजील होईल म्हणता? त्यांनी पुन्हा फोन डोळ्याजवळ नेला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "ते ठीक हाय. पण बेल देताना एवढं हसतंय का कुणी?"

* * *

दुसरा बातमीदार गजानन. काळी-पिवळी जीप चालवतो, वारंगा फाट्यापर्यंत सवाऱ्या नेतो. बापूरावांची बातमी आतली, तर याची रस्त्यावरची. ही जास्त वाईट, कारण हा शपथ घेतो.

"लेकराची शपथ आक्का, डोळ्यांनी पाहिलं! उत्तम फाट्यावर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा हाय. पायाशी ही एवढी बॅग. आन् तोंडाला रुमाल!"

"रुमाल काहून?"

"ओळखू नये म्हणून!"

नांदेड म्हटल्यावर सगळे डबे सोडून उभे राहिले. तिथं म्हणे मॅटवर खेळतात. आपली माती. माणूस एकदा मॅटवर गेला की परत मातीत येत नाही, असं बापूराव म्हणाले. यांनी मॅट कुठं पाहिली देव जाणे.

मी म्हटलं, "बसून काय राहिलात? गाडी काढ!"

गिरणीला कुलूप. जीपमध्ये पुढच्या सीटवर मी, मागं जेवढे मावले तेवढे, उरलेले लटकून. मनात भाषण तयार करत चालले होते. तुला या मातीनं मोठं केलं, आन् तू रुमाल बांधून पळतोस? लाज न्हाई वाटत?

फाट्यावर पोचलो. चहाच्या टपरीपुढं उत्तम बसलेला. मी उतरले आणि सुरूच झाले. भाषण चांगलं झालं. टपरीवरच्या ट्रकवाल्यांनी चहा खाली ठेवून ऐकलं. माझं संपल्यावर त्यानं रुमाल सोडला. गाल टम्म सुजलेला!

"दाढ," एवढंच बोलता आलं त्याला.

"आन् बॅग?"

त्यानं शेजारी बोट केलं. शेजारी एक म्हातारी बसली होती. त्याची सासू. तिला नांदेडला लेकाकडं सोडून तो दाढ दाखवणार होता. म्हातारीनं आमची जीप पाहिली, लटकलेली माणसं पाहिली, आणि मला म्हणाली, "मलाबी नेता का बाई संघात?"

मी गजाननची मान धरली. "तुला एवढी जिती बाई दिसली न्हाई?"

"न्हाई आक्का. मी नुसतं उत्तमलाच बघून राहिलो होतो!"

* * *

आता पंचाचा किस्सा. हा सांगताना आजही माझं डोकं तापतं.

गेल्या वर्षी फायनल. उत्तम चढाईला गेला, दोघांना हात लावून परत आला, आमचं मैदान नाचायला लागलं. तेवढ्यात पंचानं उत्तमलाच बाद दिलं! म्हणे हात लागायच्या आधीच पाय रेषेबाहेर गेला होता.

मी दोरी उचलून मैदानात गेले. हा पंच म्हणजे पलीकडच्या गावचा मास्तर. मला म्हणतो, "आजी, बाहेर व्हा. हा खेळ चाललाय."

"मग मी काय दळण घेऊन आले का इथं?"

"तुमाला त्यातलं कळत न्हाई, आजी."

कळत नाही! मला! तिथून मला चौघांनी धरून बाहेर आणलं, आणि आम्ही फायनल हरलो.

दुसऱ्या दिवशी गजाननानं फोनवर व्हिडिओ हळू करून दाखवला. पाय बाहेर होता. चांगला वीतभर बाहेर. दिसू दे! पाय बाहेर होता म्हणून काय झालं? "तुमाला कळत न्हाई" ही बोलायची रीत झाली का? मैदानात एवढी माणसं ओरडत होती, त्यातल्या एकालाही तो असं बोलला नाही. लुगडं दिसलं की कळत नाही! निकाल बरोबर आहे ना त्याचा? असेल. मी माफी मागणार नाही.

मास्तराचं दळण माझ्याकडंच येतं. त्या दिवसापासून त्याचं पीठ मी जाड काढते. बायको त्याला रोज विचारते म्हणे, पोळ्या अशा काहून होऊन राहिल्या?

* * *

लीगची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दसरा झाला की माझ्या गिरणीपुढच्या मैदानावर सगळे कॅप्टन जमतात. प्रत्येक संघाला आपले पाच गडी धरून ठेवता येतात, बाकीचे मोकळे. मग चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतो आणि नंबरानं एकेक कॅप्टन मोकळ्यातला एकेक गडी उचलतो. चिठ्ठ्या माझ्या गिरणीतल्या डब्यात टाकतात. ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. तेव्हा नुसता हुतुतू होता, पण डबा आमचाच.

त्यानंतर काही दिवसांनी, एकाच ठरलेल्या दिवशी, अदलाबदल. तू तुझा हा दे, मी माझा तो देतो. दोन कॅप्टनांनी तोंडानं कबूल करून चालत नाही. मैदानाच्या मधल्या रेषेवर दोघांनी मिळून नारळ फोडला, तरच अदलाबदल पक्की. दिवस मावळायच्या आत नारळ फुटला नाही, तर ती वर्षभर मोडीत. आणि डबा ज्याच्या घरचा, नारळ त्याच्या हातचा. म्हणजे माझा!

यंदा संघ दहा झाले. दहावा नवा, तांड्याचा. आजवर तांड्याची पोरं आजूबाजूच्या गावांकडून खेळत. यंदा त्यांनी आपला संघ काढला.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर आमचा! आमचा कॅप्टन दिगंबर. पाच गडी धरलेले, त्यात उत्तम. आता मोकळ्यातला कुणीही आमचा! आम्ही गिरणीवर आठवडाभर भांडून ठरवलं होतं, पकड करणारा उचलायचा. आमच्याकडं उत्तम चढाईत गुण आणतो आणि बाकीचे पकडीत ते वाटून टाकतात. दान केल्यासारखे!

दिगंबर उठला. छाती काढली. इकडंतिकडं पाहिलं. बायांमध्ये त्याची बायको उभी होती, तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि पहिल्या नंबराला उचलला कोण? मेव्हणा!

तो मेव्हणा सरावाला मैदानात आला, 'कबड्डी कबड्डी' म्हणत मधल्या रेषेपर्यंत गेला आणि दम संपला. समोरचा गडी अजून हलला पण नव्हता. दिगंबर म्हणाला, "दम येईल हळूहळू. घरातलं माणूस हाय, बेइमानी करणार न्हाई."

मी म्हटलं, "बेइमानी करायला बी दम लागतो, दिगंबर!"

* * *

शेषराव टेलर. हा माणूस बोलत नाही. सगळ्या संघाच्या जर्स्या हाच शिवतो, सगळ्यांची मापं याला पाठ, पण तोंडात कायम टाचण्या. त्यामुळं आमच्या चर्चेत त्याला कुणी धरत नाही.

चिठ्ठ्या होऊन काही दिवस झाले होते. लाइट गेलेली. बापूराव सांगत होते, उत्तमला वसमतकडचा संघ मागतोय, आतली बातमी. गजानन म्हणत होता, न्हाई, कळमनुरीकडचा, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. शेषराव ज्वारीच्या डब्यावर बसून ऐकत होता. मध्येच त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून कॉलरला लावल्या, आणि म्हणाला, "कॅप्टननं सात नंबर शिवायला टाकलाय."

"मग? उत्तमची जर्सी फाटली आसंल," मी म्हटलं.

"मोठ्या मापाची."

"केवढ्या?"

शेषरावानं बापूरावांच्या पोटाकडं पाहिलं. "यांना बसंल एवढी."

टाचण्या पुन्हा तोंडात. लाइट आली, पण चक्की सुरू करायला कुणीच सांगितलं नाही. उत्तमला ती जर्सी म्हणजे तंबू झाला असता!

* * *

दुसऱ्या दिवशी दिगंबर गव्हाचा डबा घेऊन आला. त्याच्या घरी पाहुणे होते. मी डबा ओढून माझ्या पायाशी घेतला आणि वर पाय ठेवला.

"सात नंबर कुणाला दिलास?"

"आक्का, आधी गहू..."

"आधी सात नंबर! मग गहू!"

बराच वेळ त्यानं इकडचं तिकडचं केलं. शेवटी बोलला. "आक्का, आपल्याकडं पकड न्हाई, हे तुमीच म्हणता. दोन कोपरे मिळून राहिलेत. कोपऱ्यात उभं राहून पकडणारे धिप्पाड गडी. एका उत्तमच्या बदल्यात दोन! हिशोब करा ना."

"कुणाचे कोपरे?"

"तांड्याचे."

"म्हणजे उत्तम..."

"तांड्याला."

गिरणीत जो गलका झाला, तसा फायनललाही झाला नव्हता. वसमत नाही, औंढा नाही, नांदेड नाही, तर हाकेच्या अंतरावरचा तांडा! ज्यांचा संघ अजून एक सामना खेळला नाही! बापूराव उठून उभे राहिले. "आपण घडवलेला गडी! आपल्या मातीत! आन् आयता त्यांना?" गजानन म्हणाला, "उद्या तो आपल्यावरच चढाई करील! आपल्याच मैदानात!" मेव्हण्याचं नाव निघालं, त्याच्या सात पिढ्यांचं निघालं.

मी म्हटलं, "दिगंबर, नारळ माझ्या हातात हाय, इसरू नको."

"आक्का, ही रीत हाय. नारळ तर द्यावाच लागंल."

"बघू!"

त्याचे पाहुणे त्या दिवशी भात खाऊन गेले.

* * *

नारळाच्या आदल्या दिवशी उत्तमची बायको कमला दळण घेऊन आली. डबा ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला धीर द्यायला लागले.

"घाबरू नको कमला. मी बसलेय ना! उत्तमला मी कुठं जाऊ देणार न्हाई. त्या दिगंबराची काय टाप हाय!"

तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं.

"आमचा उत्तम हाय तो. त्या पोरांना काय येतं? त्यांच्याकडून खेळला तर हरून हरून मरंल बिचारा."

कमलानं पदर नीट केला. "याडी, एक इचारू?"

"इचार की."

"तुमी त्यांना इचारलं का?"

"कुणाला? उत्तमला?" मला हसूच आलं. "त्याला काय इचारायचं? तो आमचाच हाय!"

"बरं," ती म्हणाली. तिचं पीठ मी त्या दिवशी अगदी बारीक काढून दिलं. डबा डोक्यावर घेऊन गेली.

आता यात एवढं काय होतं? पण बापूराव म्हणे, "आक्का, बाई नाराज दिसली." मी म्हटलं, तुम्हाला बेल देणाऱ्याचं हसू कळत नाही, बाईचं तोंड काय कळणार!

* * *

आणि नारळाचा दिवस.

मैदान भरलेलं. एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला तांडा. तांड्याच्या बाया, म्हातारे, लेकरं, सगळे आलेले. आधी इतर संघांच्या अदलाबदली झाल्या. मी मुकाट्यानं नारळ देत गेले, ते फुटत गेले, खोबरं वाटलं गेलं. ऊन उतरायला लागलं.

शेवटी दिगंबर आणि तांड्याचा कॅप्टन अंकुश मधल्या रेषेवर आले. अंकुश म्हणजे ओठावर नुकती मिसरूड फुटलेलं पोरगं. दिगंबरनं हात पुढं केला. "आक्का, नारळ."

मी नारळ ओटीत घेतला, आमच्या बाजूला मैदानाच्या मधोमध गेले आणि मांडी घालून बसले.

"आक्का, काय करून राहिलात?"

"नारळ पायजे ना? पलीकडं जा. दम घे. कबड्डी म्हणत ये, आन् घेऊन जा!"

आधी कुणाला कळलंच नाही. मग जे हसू फुटलं! दिगंबर लाल झाला. "दिवस मावळून राहिला, आक्का!"

"मावळू दे. मावळला की उत्तम आमचा!"

पंच तोच, मास्तर. त्यानं दिगंबरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शिट्टी तोंडात धरली. त्याला आता बारीक पीठ खायचं असेल!

आता एवढ्या गावापुढं नाही कसं म्हणणार? दिगंबर पलीकडं गेला, अर्धवट हसत 'कबड्डी कबड्डी' करत आला, माझ्यापाशी वाकला, नारळाला हात घालणार, तेवढ्यात मी त्याचा घोटा धरला! दोन्ही हातांनी, अंगठे वर, जसा माहेरी धरायचे तसा. त्यानं ओढलं, मी धरलेला. पुन्हा ओढलं. "सोडा आक्का!" म्हणाला, आणि दम गेला!

शिट्टी! दिगंबर बाद!

गजानन जमिनीवर लोळायला लागला. बापूराव ओरडत होते, "आतली बातमी! आतली बातमी!" कशाची ते त्यांनाही ठाऊक नसेल. दिगंबरची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

मी अंकुशला म्हटलं, "ये रे, तू ये आता!"

तो हलला नाही. "न्हाई आजी. तुमच्या अंगाला आमी हात न्हाई लावणार."

"मग बसा!"

तांड्याच्या बाजूला कुणी हसत नव्हतं. सूर्य हळदीच्या शेतांवर टेकला होता. थोडंच राहिलं होतं. मी नारळावर दोन्ही हात ठेवले आणि आमच्या माणसांकडं बघून मान उडवली.

तेव्हा उत्तम उठला.

तो इतका वेळ आमच्या पोरांत बसला होता. आमचीच जर्सी, सात नंबर. मला वाटलं, येऊन माझ्या शेजारी बसणार. तो माझ्या बाजूनं गेला, मधली रेषा ओलांडली, पलीकडं तांड्याच्या बाजूला गेला. तिथं वळला. वाकून माती कपाळाला लावली. दम घेतला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

त्याची चढाई मी इतकी वर्षं बाजूनं पाहिली होती. समोरून कधी पाहिली नव्हती. तो ना डावीकडं गेला, ना उजवीकडं. झुकांडी नाही, हूल नाही. सरळ माझ्याकडं आला. आवाज एका लयीत. मैदानात तेवढाच आवाज.

अगदी जवळ येऊन उभा राहिला. घोटा माझ्यापुढं. मी धरला. बोटं पुरी वळली होती, अंगठे वर होते.

त्यानं ओढलं नाही. तो वाकला, माझ्या दोन्ही पायांना हात लावला, हात कपाळाला लावला. दम सुटला नव्हता. मग माझ्या ओटीतला नारळ उचलला, आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत निघाला. रेषेपलीकडं पाय टेकेपर्यंत त्याचा आवाज तुटला नाही.

मास्तरानं शिट्टी वाजवली आणि माझ्याकडं हात केला. बाद!

रेषेवर नारळ फुटला तेव्हा अजून उजेड होता.

आता महिने झाले. गिरणीवर लाइट गेली की बापूराव तेच काढतात. "आक्का, आमी सगळ्यांनी पाहिलं. घोटा तुमच्या हातात होता. तुमची पकड कधी सुटत न्हाई. मग त्या दिवशी सुटली काहून?"

गजानन फोन काढतो, व्हिडिओ हळू करून दाखवायला.

मी म्हणते, "फोन ठेव आत. लाइट आली. कुणाचा डबा हाय हा? गहू का ज्वारी?"